लिटरमागे

गांजेच्या पुलाखाली पायऱ्या उतरल्या की
पत्र्याची एक खोली होती.
तिच्यात मी एकोणतीस वर्षं म्हादई गाळली.
रोज सकाळी आठला, एक लिटर.
गाळणीचा कागद भट्टीत वाळवायचा, गार होऊ द्यायचा,
तराजूवर ठेवायचा, वहीत लिहायचं:
तारीख, पातळी, गाळ.

मार्चमध्ये कागदावर काही दिसायचंही नाही.
जुलैत विटकरी साय धरायची,
आणि खाणी जोरात होत्या त्या वर्षांत
साय नव्हे, लेप.
इंजिनियर कुंकळ्येकर म्हणायचे, माजिकबाय,
तुमच्या चिमटीत आहे तो सह्याद्री.
मी म्हणायचे, सर, मग ह्याला फाइल कुठली लावू?

तराजू काचेच्या पेटीतला, पितळी.
त्याचा काटा कधी शांत बसला नाही.
दार लावा, श्वास धरा, पुलावरून बस जाऊ द्या,
तरी मधल्या रेघेच्या अलीकडे, पलीकडे,
अलीकडे.
थांबला तर समजा बिघडला, सर म्हणायचे.

समोरच्या काठाला पुतू गावसची होडी लागायची,
बुडी मारून काढलेल्या रेतीनं भरलेली,
काठ पाण्याच्या चार बोटं वर, बस.
दोघं जण टोपल्या उतरवत
आणि होडी वर येई. तिला कुणी उचलत नसे.
शेवाळलेली एक एक फळी
आपसूक उन्हात येई.
डबा खाता खाता सरांनी तिकडे बोट केलं:
घाटसुद्धा असाच.
नदी वरून उतरवते, तो खालून उचलला जातो.
पूर्ण नाही हं.
दहा टोपल्या गेल्या तर आठांइतका.
मी विचारलं, मग संपणार कधी?
त्यांनी लोणच्याची फोड चाटली
आणि डब्याचं झाकण शोधत बसले.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला.
लिटरमागचा गाळ, गुणिले नदी,
गुणिले जून ते सप्टेंबर.
शून्यं रकान्यात मावेनात.
नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, दहा टनांचा.
त्यानं भागून पाहिलं.
तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.
एवढ्या खेपा, म्हणाला,
आणि डिझेल नाही?

एक गोष्ट वहीत नाही.
तोललेला गाळ मी खिडकीतून परत नदीत झटकायचे.
नियम तसा नव्हता.
पण केराच्या डब्यात डोंगर टाकणं
बरं वाटेना.

आता तिथं खांबावर काचेचा डोळा बसवलाय.
दर पंधरा मिनिटांनी तो पणजीला कळवतो.
खोलीचे पत्रे कुणीतरी नेले.

परवा रायबंदरहून चोडणला निघाले होते,
भाचीच्या घरी बारसं.
अवसेची ओहोटी.
फेरीबोट मध्यावर घर्र करून रुतली.
माणसं कावली. एक स्कूटरवाला खलाशाला म्हणाला,
रोज ये-जा करता, एवढं कळत नाही?
गेल्या साली इथं खोल होतं, खलाशी म्हणाला,
चर त्या अंगाला सरकला.
पुढच्या साली परततो की नाही, देव जाणे.

मी कठड्यावरून वाकले.
पंख्यानं ढवळलेलं पाणी, तांबूस. ओळखीचं.
वाटलं, कुणाला तरी सांगावं,
ह्यातलं थोडं मी तोललंय.
शेजारच्या बाईच्या पिशवीत कोंबडा होता,
तिचं सगळं लक्ष त्याच्याकडे.

पाणी वाढलं ते कुणाला कळलं नाही.
चाळीस मिनिटांनी बोट नुसती हलली,
अलीकडे, पलीकडे,
अजून टेकलेली, अजून सुटलेली नाही,
आणि स्कूटरवाल्यानं गाडी चालू केली,
फार लवकर.